घाटचढाई (सायकल)

डोंगरी रस्त्याचा लांब आणि अखंड चढ सायकलवरून न उतरता पार करण्याला घाटचढाई म्हणतात. पुलाचा किंवा टेकडीचा मिनिटभराचा चढ नुसता जोर लावून संपवता येतो. अर्धा तास ते दोन-तीन तास चालणारा घाट तसा संपत नाही. त्यासाठी पायांतल्या ताकदीइतकाच संयम लागतो. सुरुवातीला वेग आवरणे हा या कौशल्याचा गाभा आहे आणि नवशिक्यांना नेमके तेच सर्वांत जड जाते, कारण पायथ्याशी पाय ताजे असतात आणि चढ आहे त्याहून सोपा वाटतो.

सपाट रस्त्यावर वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते; चढावर ती स्वतःचे आणि सायकलचे वजन वर उचलण्यात जाते. चढाची तीव्रता टक्क्यांत सांगतात : ८ टक्के म्हणजे आडव्या १०० मीटर अंतरामागे ८ मीटर उंची. स्वार आणि सायकल यांचे एकत्रित वजन ८५ किलोग्रॅम धरले, तर अशा चढावर ताशी १० किलोमीटर वेग राखण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १८५ वॅट शक्ती लागते. टायरचे घर्षण आणि हवा मिळून हा आकडा २०० वॅटच्या आसपास जातो. वेग ताशी १२ किलोमीटर करायचा, तर सुमारे २४० वॅट लागतात. दोन किलोमीटरचा हा फरक डोळ्यांना जाणवतही नाही, परंतु स्नायूंना प्राणवायूच्या आधारे सातत्याने पुरवता येणाऱ्या ऊर्जेची मर्यादा त्याच फरकात ओलांडली जाऊ शकते. मर्यादा ओलांडल्यावर काही मिनिटांतच मांड्या भरून येतात आणि दम लागतो. सपाटीवर पाय थांबवून घटकाभर सायकल तशीच पळू देता येते. चढावर पाय थांबले की सायकलही थांबते, त्यामुळे गेलेला दम भरून काढायला वाव फारच थोडा उरतो. म्हणूनच पहिल्या भागात, श्वास न तुटता एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच जोर लावावा, हा नवशिक्यासाठी सर्वांत विश्वासार्ह नियम होय.

दुसरी गरज हलक्या गियरची. पुढची चक्री आणि मागची चक्री दोन्ही ३४ दात्यांच्या असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, म्हणजे साधारण २.१ मीटर अंतर होते. मिनिटाला ७० फेरे मारले तर ताशी ८.८ किलोमीटर वेग मिळतो. त्याच वेगासाठी पुढे ३९ आणि मागे २५ दाते वापरले, तर मिनिटाला जेमतेम ४५ फेरे पडतात आणि प्रत्येक फेऱ्याचा भार गुडघ्यांवर येतो. हलका गियर घेण्यात कमीपणा मानण्याची समजूत अनेकांच्या गुडघ्यांना महागात पडते. गियर बदलायचा तो चढ तीव्र होण्याच्या आधी आणि क्षणभर पेडलवरचा दाब कमी करून. पूर्ण जोर असताना बदलल्यास चेन करकरते, अडकते किंवा उतरते.

या सोयीला इतिहास आहे. टूर द फ्रान्स शर्यतीत पिरेनीज पर्वतातील तूरमाले खिंड १९१० मध्ये प्रथम समाविष्ट झाली, तेव्हा त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव्ह लापीझ यालाही काही अंतर सायकल ढकलत चालावे लागले होते. या शर्यतीत चेन एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला १९३७ मध्ये परवानगी मिळाली. त्यापूर्वी स्पर्धक खाली उतरून मागचे चाक उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूची चक्री वापरत.

चढाची सरासरी फसवी असते. आल्प्समधील आल्प द्युएझ हा २१ वळणांचा घाट १३.८ किलोमीटर लांब असून त्याची सरासरी सुमारे ८ टक्के आहे. परंतु त्याचे पहिले दोन किलोमीटर १० टक्क्यांच्या आसपास आहेत, त्यामुळे तिथे घाई करणाऱ्याला उरलेला सगळा रस्ता तिची किंमत मोजावी लागते. फ्रान्समधील माँ व्हाँतू या पर्वताचा बेदुआँ गावाकडून जाणारा सुमारे २१ किलोमीटरचा चढ याच्या उलट, सौम्य सुरुवातीने भुलवतो. मग जंगलातला लांब, तीव्र टप्पा लागतो आणि शेवटी उघड्या माथ्यावर वारा. त्यामुळे अनोळखी घाटाचा टप्प्याटप्प्याचा आलेख आधी पाहून ठेवावा.

बैठकीबाबत फार सांगण्यासारखे नाही : हात हँडलच्या वरच्या भागावर सैल, खांदे ढिले, छाती मोकळी. बहुतेक चढ बसूनच पार करावा. अधूनमधून उभे राहिल्याने पाठीला आराम मिळतो, मात्र हृदयाचे ठोके वाढतात. उभे राहण्यापूर्वी एक गियर जड करावा आणि पेडल खाली जात असतानाच उठावे, नाहीतर सायकल क्षणभर मागे हटते आणि मागून येणारा स्वार तिच्यावर आदळू शकतो. वळणाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच उभी असते. आपल्या मार्गिकेत राहून जितके बाहेरून जाता येईल तितके जावे, पण समोरच्या वाहनांच्या बाजूला कधीही शिरू नये.

तासाभराहून मोठ्या चढाईत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, तीही भूक लागण्याची वाट न पाहता. वेग कमी असल्याने अंगाला वारा लागत नाही. घाम भरपूर येतो आणि पाणी अंदाजापेक्षा लवकर संपते. समुद्रसपाटीपासून २,००० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे एक-पंचमांशाने घटतो, त्यामुळे नेहमीचा वेग तिथे अधिक दमवतो.

सरावासाठी मोठा घाट जवळ असलाच पाहिजे असे नाही. सपाटीवर वाऱ्याच्या विरुद्ध दहा ते वीस मिनिटे एकसारख्या जोराने पेडल मारण्याने किंवा छोटा चढ पुन्हा पुन्हा चढण्याने तीच सवय लागते. प्रत्येक फेरीला लागलेला वेळ टिपून ठेवावा; शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात झाली, तर जोराचा अंदाज बरोबर होता असे समजावे.

माथ्यावर पोहोचल्यावर घामाने भिजलेल्या अंगावर उतरणीचा गार वारा झपाट्याने बसतो, म्हणून खाली निघण्यापूर्वीच जॅकेट चढवावे. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, कारण त्याने रिम किंवा डिस्क तापते. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करावा आणि सरळ रस्त्यावर ते सोडून थंड होऊ द्यावेत.