कँपेरच्या ताटलीचं वय किती?

टोपी घातलेला शेतकरी, पांढऱ्या शिरोवस्त्रातली बाई, कडेला फुलांची वेल. फ्रान्समधल्या कँपेरची ही ताटली शेकडो वर्षं जुन्या ग्रामीण परंपरेची वाटते. भट्टी खरंच तेवढी जुनी आहे. शेतकरी मात्र बराच अलीकडचा.

अशा भांड्यांना फ्रेंचमध्ये ‘फायांस’ म्हणतात. नाव पडलं इटलीतल्या फाएन्झा गावावरून. भाजलेल्या मातीवर कथिलाची पांढरी झिलई चढते. आपल्याकडे कल्हईला लागतं तेच हे कथील. झिलई कच्ची असतानाच तिच्यावर रंगवायचं. ती टीपकागदासारखा रंग ओढून घेते, त्यामुळे चुकलेला फटकारा पुसता येत नाही. म्हणूनच इथली पाकळी ब्रशच्या एका दाबात उतरते.

१७०९ मध्ये युद्धखर्चासाठी चौदाव्या लुईने चांदीची भांडी वितळवायला लावली आणि सरदारांच्या पंक्तीला मातीची ताटं आली. नव्हेर, रूआँ, मुस्तिए इथल्या भट्ट्यांचा तो सुकाळ. फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतातलं कँपेर तेव्हा आडबाजूला होतं. तिथल्या लोकमारिया वस्तीतली भट्टी परंपरेने १६९० ची मानतात. मूळ पुरुष बुस्के दक्षिणेतल्या प्रोव्हाँसचा. पुढे घरात नव्हेरचा बेलव्हो जावई आला, मग त्याचा जावई कोसी रूआँहून. तिन्ही प्रांतांची नक्षी एका भट्टीत आली ती अशी, सोयरिकीतून!

१७८६ च्या व्यापारी तहानंतर स्वस्त इंग्रजी भांडी फ्रान्समध्ये शिरली आणि अनेक भट्ट्या विझल्या. कँपेर तगलं. १८६३ मध्ये तिथे रेल्वे पोहोचली, प्रवासी येऊ लागले, आणि त्यांना सोबत न्यायला ब्रिटनीची आठवण हवी होती. त्याच सुमारास तो शेतकरी ताटलीवर आला. १८७०च्या दशकात चित्रकार आल्फ्रेद बो कँपेरच्याच पोर्किए कारखान्याशी जोडला गेला आणि ब्रिटनीतले प्रसंग तपशिलाने रंगू लागले. ‘पीबी’ (पोर्किए-बो) खुणेची ही भांडी संग्राहकांच्या खास आवडीची.

बाकी वय ठरवायचं तर ताटली पालथी करावी. १८९१ पासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे ‘फ्रान्स’ लिहिलेला नग बहुधा त्यानंतरचा. बुस्केच्या जुन्या घराण्याची खूण ‘एचबी’ (HB), प्रतिस्पर्धी आंरियो कारखान्याची ‘एचआर’ (HR). घाईत दोन्ही सारख्याच दिसतात, आणि यावरून तंटाही झाला. अखेर १९२२ मध्ये आंरियोने पूर्ण नाव लिहायला सुरुवात केली.