प्रेमभंगावर पुस्तकाचा उतारा : आधी काय वाचू नये, याचा इतिहास

प्रेमभंग झालेल्या माणसासाठी मुद्दाम लिहिलेल्या जुन्या पुस्तकांत रोमन कवी ओव्हिदचं ‘रेमेडिया अमोरिस’ महत्त्वाचं. इसवी सनाच्या अगदी आरंभी रचलेलं हे आठशेहून थोड्या अधिक ओळींचं काव्य म्हणजे प्रेमातून बाहेर पडण्याचे उपाय. ते उपाय अगदी व्यवहारी आहेत. रिकामं बसू नका. कोर्टातली कामं घ्या, शेती बघा, शिकारीला जा, लांबच्या प्रवासाला निघा. एकटे राहू नका. तिची जुनी पत्रं पुन्हा वाचत बसू नका, मन कितीही घट्ट असलं तरी ती हलवतात; सरळ आगीत घाला. आणि शेवटाकडे येतो तो आपल्या विषयाचा सल्ला : प्रेमकवींना हात लावू नका. सॅफो नको, कॅलिमॅकस नको. माझ्या कवितांतही तोच सूर आहे, असंही ओव्हिद सांगून टाकतो.

ग्रंथोपचाराच्या, म्हणजे वाचनाने मनाचं दुखणं हलकं करण्याच्या, इतिहासात हा भाग बहुतेक वेळा गळतो. तो इतिहास सहसा इजिप्तपासून सांगितला जातो. रामसेस दुसऱ्याच्या थीब्ज इथल्या ग्रंथालयावर ‘आत्म्याचं चिकित्सालय’ अशा अर्थाचा लेख होता, असं ग्रीक इतिहासकार डायोडोरसने नोंदवलं आहे. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलेन मठाच्या ग्रंथालयाच्या दारावरही तेच शब्द ग्रीकमध्ये आहेत. शब्द सुंदर आहेत, पण कोणत्या दुखण्यावर काय द्यायचं आणि काय टाळायचं, हे त्यांतून कळत नाही. प्रेमाच्या दुखण्याबाबत जुन्या जाणकारांनी आधी पथ्य सांगितलं, औषध नंतर.

मध्ययुगात प्रेमज्वर हा वैद्यांचाच विषय होता. पर्शियन वैद्य इब्न सीनाने ‘कानून’ या वैद्यकग्रंथात तो ओळखायची रीत दिली आहे : रुग्णाची नाडी धरायची, एकेक नाव घ्यायचं, आणि कोणत्या नावाला नाडी बदलते ते पाहायचं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बर्टनने 1621 साली उदासीनतेवरचा आपला प्रचंड ग्रंथ छापला, त्याचा तिसरा भाग बराचसा प्रेमातल्या उदासीनतेवर आहे. बर्टन ऑक्सफर्डचा, जन्म पुस्तकांत गेलेला. तो वाचन सुचवतो, पण सरसकट नाही. ज्याचं मन रिकामं आहे त्याने वाचावं. ज्याचा आजारच अतिवाचनातून आला आहे त्याला पुस्तक देणं म्हणजे आगीत तेल ओतणं. ग्रंथाच्या शेवटी त्याचा सल्ला उरतो तो ओव्हिदचाच : एकटे राहू नका, रिकामे राहू नका.

हे पथ्य मोडलं की काय होतं, त्याचं सर्वांत ठळक उदाहरण 1774 सालचं. जर्मन लेखक गोएटेच्या ‘वेर्थर’ या कादंबरीत असफल प्रेमातला तरुण जीव देतो. युरोपभर तरुण त्याच्यासारखा निळा कोट घालू लागले, काहींच्या आत्महत्यांचा संबंध पुस्तकाशी जोडला गेला, आणि 1775मध्ये लाइपझिगच्या प्रशासनाने पुस्तकावर व त्या पोशाखावर बंदी घातली. प्रसिद्धीमुळे होणाऱ्या अनुकरणाला समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्सने 1974मध्ये याच पात्राचं नाव दिलं. त्या काळी पुस्तकामुळे नेमके किती मृत्यू झाले, हा वाद बाजूला ठेवू. पुस्तक निवडणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट एवढी, की वाचकाला स्वतःसारखा माणूस दाखवून तिथेच सोडून देणारं पुस्तक ताज्या दुःखात देऊ नये.

आपल्याकडची वाट थोडी निराळी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्या कितीतरी गाथा प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या, किंवा मन मोडलेल्या बाईच्या तोंडी आहेत. पण ती बाई स्वतःशीच क्वचित बोलते. ती सखीला सांगते, मामीला सांगते, आत्याला सांगते. विरह ऐकायला कुणीतरी समोर आहे. बरं होण्यात ‘ऐकणारा’ किती महत्त्वाचा, हे पाश्चात्त्य ग्रंथोपचाराला बऱ्याच उशिरा उमगलं.

आधुनिक ग्रंथोपचाराला ‘बिब्लिओथेरपी’ हे इंग्रजी नाव मिळालं ते 1916मध्ये, अमेरिकी धर्मोपदेशक सॅम्युएल क्रॉदर्सच्या ‘अटलांटिक मंथली’तल्या निबंधातून. निबंध हलकाफुलका आहे, पण त्यातली मांडणी टिकली : एखादं पुस्तक उत्तेजक असतं, एखादं शामक, एखादं दाह वाढवणारं. लगेच पहिल्या महायुद्धातल्या जखमींसाठी रुग्णालयांत ग्रंथालयं उभी राहिली. सेडी पीटरसन डिलेनी यांनी 1924पासून अलाबामातल्या टस्कीगी इथे, कृष्णवर्णीय माजी सैनिकांच्या रुग्णालयात, प्रत्येक रुग्णाची आवड आणि आजार समजून घेऊन पुस्तक देण्याचं काम 1958पर्यंत केलं.

या सगळ्याला सिद्धान्ताची चौकट दिली कॅरोलाइन श्रोड्स यांनी, 1949च्या बर्कलीमधल्या प्रबंधात. त्यांच्या मते वाचक तीन टप्प्यांतून जातो. आधी तादात्म्य : हे माझंच आहे. मग विरेचन : रडू येतं, राग येतो, मोकळं वाटतं. मग उमज : या पात्राने केलं ते मी का करतोय, दुसरं काही करता येईल का. प्रेमभंगात गाडी अडते ती दुसऱ्या टप्प्यावर. तेच पुस्तक, तेच प्रकरण, तेच रडणं रोज रात्री होऊ लागलं, तर ते विरेचन राहत नाही, जखम उकरणं होतं. ओळखायची खूण सोपी आहे : पुस्तक मिटल्यावर डोक्यात पात्र उरतं की फक्त ‘तो’ किंवा ‘ती’? दुसरं असेल तर ते पुस्तक काही महिने कपाटात जाऊ द्यावं. भेट मिळालेलं, पहिल्या पानावर सही असलेलं पुस्तक तर नक्कीच.

याला लिखाणाच्या बाजूने आधार मिळतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिलं. लगेच त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यावरून ‘मनातलं लिहून काढा’ हा सल्ला सगळीकडे पसरला. 2013मध्ये डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच विभक्त झालेल्या 90 जणांवर अभ्यास केला, तेव्हा वेगळंच दिसलं : जे आधीच ‘असं का झालं’ याचा अर्थ शोधत मनात घोळवत होते, त्यांना भावना लिहिण्याने मागे खेचलं. दिवस कसा गेला याची कोरडी नोंद करणारे त्यांच्यापेक्षा बरे सावरले. ओव्हिदची शेती आणि प्रवास इथे आठवतात.

म्हणून ताज्या दुःखात पुस्तक निवडताना क्रम उलटा ठेवावा. पहिले काही आठवडे लक्ष टिकत नाही, पान तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. तेव्हा छोटी प्रकरणं, प्रवासवर्णन, निसर्ग, इतिहास, रहस्यकथा. एका बैठकीला 15-20 मिनिटं, जमलं तर मोठ्याने. विरहाची कादंबरी नंतर, आणि तीही अशी, जिच्यात पात्राचं आयुष्य विरहापाशी संपत नाही. झोप, जेवण, कामच सुटलं असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर पुस्तकावर न थांबता लगेच डॉक्टरांकडे.

ब्रिटनमध्ये यातून दोन वेगळ्या पद्धती आल्या. 2003मध्ये कार्डिफचे मानसशास्त्रज्ञ नील फ्रूड यांनी डॉक्टरच्या चिठ्ठीवर पुस्तक द्यायला सुरुवात केली. तज्ज्ञांनी निवडलेल्या यादीतलं नाव डॉक्टर लिहून देतो, रुग्ण ते सार्वजनिक ग्रंथालयातून घेतो. 2005मध्ये ही योजना वेल्सभर गेली, 2013मध्ये इंग्लंडमध्ये तशीच सुरू झाली. ही बहुतेक स्वाध्यायाची, म्हणजे स्वतःच तक्ते भरत सराव करायची पुस्तकं असतात; ती कादंबरीसारखी वाचून काढली आणि त्यांतले तक्ते कोरे ठेवले, तर फारसं हाती लागत नाही.

दुसरी पद्धत लिव्हरपूलच्या परिसरात जेन डेव्हिस यांनी रुजवली. आठवड्यातून एकदा छोटा गट जमतो. कुणीही आधी वाचून येत नाही. एकजण कथा मोठ्याने वाचतो, मध्येच थांबतो, बोलणं होतं, पुन्हा वाचन. बोलण्याची सक्ती नाही. आपल्याकडे पोथी वाचताना ओवीशी थांबून अर्थ सांगतात, त्याच्या बरंच जवळचं. असे गट मोडतात ते सल्ल्यांमुळे : एकीने आपली गोष्ट काढली की बाकीचे तिला काय करावं ते सांगू लागतात, आणि पुढच्या आठवड्यात ती येत नाही. अशा वेळी वाचणाऱ्याने ओळीकडे परत यायचं, ती पुन्हा वाचायची, आणि प्रश्न पात्राबद्दल विचारायचा.