औद्योगिक सहजीवन आणि परस्परविश्वास

एका कारखान्याला नकोशी झालेली वाफ, पाणी, राख किंवा गाळ दुसऱ्याने कच्चा माल म्हणून वापरायचा, या व्यवस्थेला औद्योगिक सहजीवन म्हणतात. यंत्रसामग्री पैसे मोजून उभी करता येते. आपले उत्पादन परक्या धंद्याच्या भरवशावर सोडायला मालक सहजासहजी राजी होत नाहीत, आणि बहुतेक योजना अडतात त्या इथेच.

डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग हे बंदराचे शहर याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तिथे आधी आराखडा आखून काहीच झाले नाही. १९६१ च्या सुमारास तेलशुद्धीकरण कारखान्याला टिस्सो तलावाचे पाणी हवे होते. जलवाहिनी नगरपालिकेने टाकली, पैसा कारखान्याने पुरवला. १९७२ मध्ये त्याच कारखान्याचा जादा वायू जिप्सम या मऊ खनिजाचे, भिंती-छतांना लावायचे तक्ते बनवणाऱ्या शेजाऱ्याकडे जाऊ लागला. पुढे औषधनिर्मितीतला गाळ शेतांत खत म्हणून आणि वीजकेंद्राची वाफ कारखान्यांत पोहोचली. प्रत्येक व्यवहार दोघांपुरता आणि दोघांनाही परवडणारा होता. या जाळ्याला ‘सहजीवन’ हे नाव मिळाले ते थेट १९८९ मध्ये. शहर लहान, व्यवस्थापक एकमेकांना ओळखणारे. मनांमधले अंतर कमी होते म्हणून हे जमले, असे तिथले जाणकार सांगत आले आहेत. ही भाबडी समजूत नव्हे. पहिल्या छोट्या व्यवहारात शब्द पाळला गेला, म्हणूनच पुढच्या मोठ्या गुंतवणुकीला होकार मिळाला.

जिप्समचेच पाहा. वीजकेंद्राच्या धुरातील गंधक चुन्याने पकडले की जिप्सम तयार होतो. त्यात क्षार जास्त राहिले तर तक्त्यावरचा कागद नीट चिकटत नाही. त्यामुळे तक्ते बनवणाऱ्याला वीजकेंद्रातल्या धुराच्या धुलाईची खरी आकडेवारी लागते, बिघाड झाला तर त्याच दिवशी तसा फोन यावा लागतो. एरवी अशी माहिती कोणी बाहेर देत नाही, कारण टाकाऊ पदार्थाच्या घटकांवरून उत्पादनाची गुपिते ताडता येतात.

जिथे अशी जुनी ओळख नसते तिथे मध्यस्थ उपयोगी पडतो. ब्रिटनने २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर असा कार्यक्रम सुरू केला. समन्वयक कारखान्यांना भेटून कोणाकडे काय उरते आणि कोणाला काय हवे, याच्या गाठी घालून देत.

विश्वास असला तरी लेखी करार हवाच. कालुंडबोर्गच्या वीजकेंद्राने अलीकडे कोळसा सोडून लाकडाचे बारीक तुकडे जाळायला सुरुवात केली. कोळसा थांबला की त्याच्या धुरातून मिळणारा जिप्समही थांबतो. पुरवठा बंद करण्याची सूचना किती आधी द्यायची आणि पर्यायी मालाचा खर्च कोणी सोसायचा, ही कलमे संबंध चांगले असतानाच लिहून घ्यावी लागतात.