ऑपरेशनआधी घरच्यांना घेऊन या. पण कुणाला?

पोट लहान करायच्या ऑपरेशनचा विचार करणाऱ्यांसाठी, आमच्या आहार सल्ला केंद्राकडून. कोल्हापूर.

हे पत्रक तुमच्या हातात पडलंय म्हणजे स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून नळी ठेवणं) किंवा बायपास (हृदयाची नव्हे, जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणं) हा शब्द कानावरून गेलाय. सर्जनची एक भेट झाली असेल, यूट्यूबवर दहा व्हिडिओ बघून झाले असतील. त्यामुळे ऑपरेशन म्हणजे काय ते इथं पुन्हा उगाळत नाही. आमच्याकडे येणारे बहुतेकजण खुर्ची पुढं ओढून, आवाज बारीक करून एकच गोष्ट विचारतात: "मॅडम, घरात सांगायलाच पाहिजे काय?"

पाहिजे. आणि नुसतं सांगून भागत नाही, आमच्याकडे घेऊन यायला पाहिजे. त्यातही जी चूक होते, जिच्यापायी तुमचे आणि आमचे आठवडेच्या आठवडे जातात, ती अशी: सही करणारा येतो, फोडणी घालणारी येत नाही. फॉर्मवर 'नातेवाईक' म्हणून नवरा येतो, थोरला भाऊ येतो, कधी गाडी चालवायला आलेला मेहुणाच आत येऊन बसतो. सगळे मान डोलावतात, खर्च विचारतात, तारीख विचारतात आणि जातात. स्वयंपाकघरात ज्या आई, सासूबाई, बायको किंवा वहिनी आहेत, त्यांना यातलं अर्धंमुर्धं कळतं, तेही जेवायच्या वेळी. (काही घरांत फोडणी घालणारा असतो. त्यानंही यावं.)

यात आमचीही एक चूक झालेली आहे, ती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थांनी घरात 'हर्नियाचं ऑपरेशन' असं सांगितलं होतं. मला ते माहीत होतं, आणि त्यांचा प्रश्न म्हणून मी गप्प बसले. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या आईनं डिंकाचे लाडू केले. हर्निया झालेल्या लेकाच्या अंगात ताकद यावी म्हणून कुठलीही आई करेल तेच. आईला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून त्यांनी अर्धा लाडू खाल्ला. रात्रभर उलट्या, पहाटे पुन्हा दवाखाना, दोन दिवस सलाईन. सर्जननी मला फोन करून विचारलं, "तुमच्या चार्टमध्ये लाडू आहे काय?" नव्हता. पण चार्ट त्या आईपर्यंत पोचलाच नव्हता, त्याला लाडू तरी काय करणार. तेव्हापासून आम्ही एकट्या माणसाला ऑपरेशनआधीचा डाएट चार्ट देत नाही. यावरून काहीजण रागावतात. "मी सज्ञान आहे, निर्णय माझा," म्हणतात. निर्णय तुमचाच आहे, संमतीपत्रावर सहीही तुमचीच लागते. आम्ही कुणाची परवानगी मागत नाही. आम्हाला फक्त कढई कुणाच्या हातात आहे ते माणूस समोर हवं.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे बहुतेकांना वाटतात तसे 'तयारीचे' नसतात, ते उपचारातच मोडतात. भात, पोळी, साखर, तेल जवळजवळ बंद आणि प्रथिनं भरपूर, असा आहार सर्जन देतात तो लिव्हर आकसावं म्हणून. लठ्ठ माणसाचं लिव्हर चरबीनं सुजलेलं असतं, आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना तो बाजूला धरावा लागतो. जितकं लिव्हर लहान, तितकं काम सोपं आणि धोका कमी. हे घरात कुणाला ठाऊक नसेल तर नवव्या दिवशी काय होतं? आत्या येतात, पुरणपोळी होते आणि "एकीनं काय होतंय" म्हणून ताटात पडते. एका ताईंची तारीख अशीच गेली. शुगर इतकी वाढलेली निघाली की भूलतज्ज्ञांनी नको म्हणून सांगितलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी, म्हणजे चार्ट पुन्हा पहिल्यापासून. पोळी वाढणाऱ्या माउलीचा यात काहीच दोष नव्हता.

म्हणून आम्ही घरच्यांची बैठक घेतो. पाऊण तासाची. तिच्यात तक्ते-बिक्ते फार नसतात. टेबलावर एक तांब्या आणि एक फुलपात्र ठेवलेलं असतं. आपलं जठर भरलं की साधारण लिटरभर, थोडं जास्तच मावतं, म्हणजे तांब्या. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, राहते ती केळ्याच्या आकाराची नळी. तिच्यात शंभर ते दीडशे मिलिलिटर मावतं, म्हणजे फुलपात्र पाऊण. आम्ही सासूबाईंना स्वतःच्या हातानं ओतायला लावतो. मागच्या महिन्यात एका आजींनी तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं, काठोकाठ भरल्यावर थांबल्या, तांब्यात उरलेल्या पाण्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे माझी एक भाकरी आता हिला चार येळंला पुरंल." त्यानंतर त्यांना मी काहीही समजावलं नाही. घरी जाऊन सुनेचं ताट त्यांनीच बदललं, आणि बाकीच्यांनी बोलायचं नाही हेही त्यांनीच ठरवून टाकलं.

बैठकीत हमखास निघणारे विषय आधीच सांगून ठेवते, म्हणजे घरी बोलताना तुमची फजिती होणार नाही.

"खुळी झालीस काय, धडधाकट पोट फाडून घेत्यात काय?" पोट फाडत नाहीत. चार-पाच बारीक छिद्रं पाडतात आणि दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. जिवाचा धोका शून्य नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण अनुभवी ठिकाणी तो हजारात एक ते तीन इतपत असतो, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. आणि हे चरबी ओढून काढणं नव्हे, तो निराळाच प्रकार आहे. या दोन्हींत गल्लत करणारे काका प्रत्येक घरात एक असतात.

"व्यायाम कर की, तोंडावर ताबा ठेव." याचं उत्तर वाद घालून देऊ नका. भुकेचा घ्रेलिन नावाचा हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतो, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघतो. म्हणून पहिले महिने भूकच बदललेली असते. हे काकांना आम्ही सांगतो, तुम्ही सांगितलंत तर ती सबब वाटते.

"डॉक्टर पैशासाठी सांगत असतील." हा संशय कुठून येतो ते आम्हाला माहीत आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे ३५ च्या वर बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) असेल तर दुसरा आजार नसतानाही ऑपरेशन सुचवतात, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असं म्हटलंय. मेडिक्लेमची रेघ मात्र वेगळी. विमा प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांत वय १८ पूर्ण आणि बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांसारखं काही, शिवाय वजन उतरवायचे बाकीचे उपाय करून झालेले असावेत. त्यामुळे सर्जन 'करा' म्हणतात आणि विमा कंपनी 'नाही' म्हणते, मग घरात वाटतं कुणीतरी फसवतंय. कुणी फसवत नसतं. आणि पॉलिसी मुलाच्या किंवा नवऱ्याच्या कंपनीची असेल तर कागद त्यांच्याच हातून जाणार, तेव्हा लपवण्याचा प्रश्न तिथंच मिटतो.

लग्न आणि मूल. हा विषय सासूबाईंसमोर काढायला सगळ्यांना संकोच वाटतो, म्हणून तो मीच काढते. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने दिवस राहू नयेत अशी शिफारस आहे, कारण त्या काळात वजन झपाट्यानं उतरत असतं आणि बाळाला पोषण कमी पडू शकतं. आणि गंमत अशी की वजन उतरलं की पाळी नियमित होते, वर्षानुवर्षं न राहिलेले दिवस पटकन राहतात. पीसीओडी असलेल्यांनी तर नवऱ्याला शेजारी बसवूनच हे ऐकावं. "दीड वर्ष कुणी विचारायचं नाही" एवढं एक वाक्य घरात ठरलं तरी खूप होतं.

केस गळतात, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. परत येतात. चेहरा उतरतो, गल्लीतले लोक "आजारी हाय काय?" विचारतात. घरच्यांना आधी माहीत असलं की तेच परस्पर उत्तर देतात.

आता ऑपरेशननंतरच्या जेवणाचं. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग दोन आठवडे गुळगुळीत वाटलेलं, मग मऊ. नेहमीच्या जेवणावर यायला सहा ते आठ आठवडे. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासानं नंतर. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. 'बरं वाटतंय तर बंद करूया' हे इथं चालत नाही. आणि हो, कोल्हापुरात राहून हा प्रश्न न विचारणारा माणूस अजून मला भेटलेला नाही: पांढरा रस्सा पातळच असतो की, मग चालेल ना? नाही चालणार. त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस असते, शिवाय तुपाचा तवंग. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं साधं पाणी, चालतं, गाळून, गार करून वरची चरबी काढून, मिरी बेताची. गंगावेशीतलं धारोष्ण दूध पहिले काही महिने विसरा. मिसळीच्या कटाबद्दल मी लिहितच नाही.

घरात विषय काढायचा कसा? लग्नात, बारशात, फॅमिली ग्रुपवर अजिबात नको. आधी एकाच माणसाला सांगा, ज्याचं घरात ऐकतात त्याला. आणि 'मी ठरवलंय' असं सांगू नका, 'मी डॉक्टरांना भेटलेय, तू एकदा माझ्याबरोबर चल' असं सांगा. ठरवून झालेल्या गोष्टीला विरोध करणं हा आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा हक्क असतो. सोबत बोलावलं की तेच लोक डॉक्टरांना उलट प्रश्न विचारतात, आणि उत्तर मिळालं की तुमच्या बाजूनं उभे राहतात. गुडघे, धाप, रात्रीचं घोरणं आणि शुगरच्या गोळ्या, यातलं जे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलंय तेच बोला. आरशाचं, कपड्यांचं बोलू नका. ते खरं असतं, पण त्यानं माणसं वळत नाहीत.

काही घरांत मात्र खरंच सोय नसते. टोमणे मारणारीच माणसं असतात, वजनावरून आयुष्यभर बोललेली. त्यांना आणाच असा आमचा हट्ट नाही. बहीण आणा, मैत्रीण आणा, शेजारच्या काकू आणा. एका रिक्षावाल्या दादांनी रिक्षा स्टँडवरचे दोन मित्र आणले होते. दीड वर्ष चहाच्या वेळी त्यांनी या दादांना भजी दिली नाही, आणि यापेक्षा मोठा आधार मी घरच्यांकडूनही क्वचित पाहिलाय. तुम्ही एकट्यानं मला जे सांगाल ते बैठकीत मी उघड करत नाही. घरून कुणी फोन करून "तिचं वजन किती भरलं?" विचारलं तरी सांगत नाही, मग तो नवरा असो की आई.

घरच्यांना यात काय मिळतं, असंही विचारतात. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये बायपास झालेल्या ३५ जणांच्या घरच्यांवर एक छोटा अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातल्या ज्या मोठ्या माणसांचं वजन मुळात जास्त होतं, त्यांचंही वर्षभरात सरासरी साडेतीन किलोच्या आसपास उतरलं, ऑपरेशन न करता. अभ्यास लहान आहे हे मान्य. पण त्या फुलपात्रवाल्या आजींची शुगरही आता पहिल्यापेक्षा बरी आहे, आणि त्या आमच्या ग्राहक नाहीत.

पैशांबद्दल. घरच्यांच्या बैठकीची वेगळी फी नाही, पहिल्या भेटीतच ती धरलेली आहे. प्रोटीन पावडर आम्ही विकत नाही, कुठली घ्यायची ते सांगतो. ज्या घरी दोघंही नोकरीला जातात किंवा करणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी पहिल्या तीस दिवसांचे डबे आमच्या स्वयंपाकघरातून मिळतात, दिवसाला सहा छोटे डबे, टप्प्याप्रमाणे. ते घ्यायलाच हवेत असं काही नाही. घरात एकाला जरी नीट शिकवलं तर डब्यांची गरज पडत नाही, आणि शिकवायला आम्हाला आवडतं.

बैठक बुधवारी आणि शनिवारी दुपारी चारला, म्हणजे स्वयंपाकघर उरकलेलं असतं. आदल्या दिवशी फोन करून नाव सांगा. येताना सर्जनची फाईल, चालू गोळ्यांची यादी आणि स्वयंपाक करणारं माणूस. शिवाय आपल्या घरातलं एक फुलपात्र आणा. त्यावर आम्ही आतून खूण करून देतो, पुढचे सहा महिने तेच वापरायचंय.