अणू म्हणजे छोटी सूर्यमाला नव्हे

दीर्घिकेपासून निघून झूम करत करत थेट अणूपर्यंत नेणारे व्हिडिओ फोनवर फिरत असतात. शेवटी केंद्रकाभोवती गरगरणारे इलेक्ट्रॉन दिसतात आणि खाली ओळ येते, 'जे पिंडी ते ब्रह्मांडी'. वर 'आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते' ही पुस्ती असतेच. ओळ सुरेख आहे, पण तिला अणुविज्ञानाच्या साक्षीला उभे करण्यात तिचाही मान राहत नाही. शिवाय अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, हे साधा भागाकार केला तरी जुळत नाही.

हायड्रोजनच्या अणूची त्रिज्या ०.०५३ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). त्याचे केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन, त्याची त्रिज्या ०.८४ फेमटोमीटर (फेमटोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग). गुणोत्तर येते सुमारे ६३,०००. आता प्रोटॉन फुगवून सूर्याएवढा केला तर? सूर्याची त्रिज्या ७ लाख किलोमीटरच्या आसपास, म्हणजे इलेक्ट्रॉन जाईल साधारण ४,४०० कोटी किलोमीटरवर. नेपच्यून सूर्यापासून ४५० कोटी किलोमीटरवर आहे, त्याच्या जवळजवळ दहापट! १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर-१ यानाने अजून यातले दोन तृतीयांश अंतरही कापलेले नाही.

खरी गंमत पुढेच आहे. ग्रह कुठेही फिरू शकतो. मंगळ आणखी थोडा आत असता, तरी भौतिकशास्त्राची काही हरकत नव्हती. हायड्रोजनचे अणू मात्र विश्वात कुठेही घ्या, माप तेच. असे का?

रदरफर्डने १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली, तेव्हाच्या नियमांनुसार फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत सेकंदाच्या काही हजार कोटीव्या भागात केंद्रकावर कोसळायला हवा होता. तो कोसळत नाही, कारण त्याला कोंडून घेणे महाग पडते. हायझेनबर्गचे अनिश्चिततेचे तत्त्व सांगते की इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत बसवाल, तितका त्याचा वेग वाढतो. जागा निम्मी केली की वेग दुप्पट आणि गतिज ऊर्जा चौपट. उलट जवळ आल्याने विद्युत आकर्षणातून जी ऊर्जा सुटते, ती फक्त दुप्पट. मिळकत दुप्पट, खर्च चौपट! एका ठरावीक अंतराच्या आत हा व्यवहार तोट्यात जातो, आणि ते अंतर म्हणजेच ०.०५३ नॅनोमीटर. त्यात इलेक्ट्रॉनचे वस्तुमान, विद्युतभार आणि प्लँकचा स्थिरांक (अनिश्चिततेचे प्रमाण ठरवणारा कायमचा आकडा) एवढेच येते. यांतले काहीच बदलत नाही, म्हणून अणूचा आकारही बदलत नाही.

वस्तुमान बदलून पाहता येते मात्र. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचाच २०७ पट जड भाऊबंद. तो प्रोटॉनभोवती बसवला की अणू सुमारे १८६ पटींनी आक्रसतो. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत अशा अणूंवरून प्रोटॉन मोजला गेला आणि २०१० मध्ये निकाल आला, प्रोटॉन तोवर मानला जात होता त्यापेक्षा ४ टक्क्यांनी लहान! 'क्वांटम' हा शब्द चिकटवून कडी आणि माळा विकणाऱ्यांनी हे मोजमाप एकदा वाचावे.

हाच जमाखर्च आकाशातही चालतो. व्याधाच्या ताऱ्याला एक जोडीदार आहे, व्याध-ब. वस्तुमान जवळपास सूर्याएवढे, आकार पृथ्वीहून किंचित लहान. हा श्वेत बटू. त्याचे इंधन संपले आहे, तरी तो गुरुत्वाकर्षणाखाली चिरडला जात नाही, कारण दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला चिमुकली जागा येते आणि कोंडलेला इलेक्ट्रॉन सुसाट पळतो. इथेही तारा निम्मा केला की गुरुत्वाची मिळकत दुप्पट, इलेक्ट्रॉनांचा खर्च चौपट. त्यातून एक विचित्र परिणाम निघतो, श्वेत बटू जितका जड तितका लहान.

पण वेगाला प्रकाशाची मर्यादा आहे. इलेक्ट्रॉन त्या वेगाजवळ पोचले की तारा निम्मा केल्यावर त्यांची ऊर्जा चौपट न होता दुप्पटच होते. खर्च आणि मिळकत सारख्याच दराने वाढू लागतात, आणि तोल सावरणारे काही उरत नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३०च्या सुमारास हेच गणित मांडले. त्यातून आलेली मर्यादा आहे सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची. मोठ्या ताऱ्याचा गाभा ती ओलांडतो तेव्हा इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत मिसळून न्यूट्रॉन बनतात, आणि बऱ्याचदा सूर्याहून जड असा गोळा उरतो, ज्याची त्रिज्या १०-१२ किलोमीटर असते. त्याची घनता अणुकेंद्रकाच्या घनतेच्या तोडीची असते.