पावसात न बुडणारा कोष

मादागास्करच्या पूर्व बाजूला डोंगरांची लांबच लांब रांग आहे. हिंदी महासागरावरून येणारे बाष्पाचे वारे तिला अडतात आणि वर्षाचा मोठा काळ तिथे पाऊस, धुकं आणि ओल यांचंच राज्य असतं. रानोमाफानासारखी दमट जंगलं याच रांगेवर आहेत. धूमकेतू पतंग (आर्गेमा मित्रेई) या बेटावरच्या पावसाळी जंगलांचाच रहिवासी. बेटाबाहेर तो निसर्गात कुठेही सापडत नाही.

फोटो काढले जातात ते त्याच्या शेपट्यांचे. पिवळेधमक पंख, पसारा सुमारे २० सेंटिमीटर आणि नराच्या मागच्या पंखांना साधारण १५ सेंटिमीटर लांब शेपट्या. त्या नुसत्या शोभेच्या नसाव्यात. याच कुळातल्या लूना पतंगावर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वटवाघळांचे निम्म्याहून अधिक हल्ले शेपट्यांवर झाले, म्हणजे धड वाचलं.

मला मात्र त्याचा कोष जास्त थक्क करतो. प्रौढ पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम चार-पाच दिवस जगतो आणि तेवढ्यात जोडीदार शोधून वंश पुढे न्यायचा असतो. त्याआधी कोषात मात्र दोन ते सहा महिने काढावे लागतात, तेही झाडावर, उघड्या पावसात. कोष पूर्ण बंद असता तर आत शिरलेलं पाणी साचून प्यूपा, म्हणजे पतंग होण्याआधी कोषात पडून असलेला जीव, बुडाला असता. म्हणून सुरवंट रेशमाची भिंत विणतानाच तिच्यात भोकं ठेवतो! पाणी शिरलं तरी निथळून जातं.

हा कोष चांदीसारखा चमकतो, पण त्यात धातूचा अंशही नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या नानफांग यू यांच्या गटाने २०१८ मध्ये यामागचं कारण मांडलं. रेशमाच्या प्रत्येक धाग्यात त्याच्या लांबीच्या दिशेने हवेच्या असंख्य अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. आत शिरणारा प्रकाश त्यांच्यावर आपटून पुन्हा पुन्हा विखुरतो. जेमतेम ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या जाडीचा एकच धागा दृश्य प्रकाशातला ७० टक्क्यांहून अधिक भाग परतवतो. पाऊस थांबून कडक ऊन पडलं, तरी हलता न येणारा प्यूपा त्यामुळे फारसा तापत नाही. अशाच पोकळ्यांचे कृत्रिम धागेही या गटाने बनवून दाखवले. उन्हात थंड राहणारं कापड विणण्यासाठी ते उपयोगी पडू शकतील.