ग्रामीण पब (इंग्लंड)

इंग्लंडमधील खेड्यांतले पारंपरिक मद्यगृह. 'पब' हे 'पब्लिक हाउस'चे लघुरूप, म्हणजे चारचौघांसाठी दार उघडे असलेले घर. यातला 'घर' हा शब्द अजूनही बऱ्याच अंशी खरा आहे. पब चालवणारे कुटुंब अनेकदा वरच्या मजल्यावर राहते, चुलीपाशी त्यांचे कुत्रे पसरलेले असते आणि चालवणाऱ्याला आजही 'लँडलॉर्ड' किंवा 'लँडलेडी' म्हणतात. मुंबई-पुण्यात पब म्हटले की मंद दिवे आणि कानठळ्या बसवणारे संगीत डोळ्यांपुढे येते. त्या चित्राशी याचा फारसा संबंध नाही. आपल्याकडच्या गावाच्या पाराला भिंती, छप्पर आणि खाली तळघर जोडले, तर कल्पना थोडी जवळ येते.

मध्ययुगात 'एल' ही सातूची बिअर घरोघरी बनत असे आणि बनवणाऱ्या बहुतांशी बायका असत. ताजी एल तयार झाली की दारावर झाडू किंवा डहाळ्या बांधलेली काठी लावायची, ही जाहिरात. पाट्या नंतर आल्या. १३९३ मध्ये राजा दुसरा रिचर्ड याने विक्रेत्यांना पाटी लावणे सक्तीचे केले. त्याचे स्वतःचे चिन्ह पांढरे नर हरीण ('व्हाइट हार्ट') होते, आणि 'व्हाइट हार्ट' नावाचे पब आजही जागोजागी आहेत. गिऱ्हाइकाला वाचता येत नसल्यामुळे नाव चित्रात उतरेल असेच असावे लागे: नांगर, गव्हाची पेंढी, लाल सिंह. 'रॉयल ओक' या नावामागे १६५१ मधील वूस्टरच्या पराभवानंतर ओकच्या झाडात लपलेला दुसरा चार्ल्स आहे. परवाना पद्धत १५५२ च्या कायद्याने आली. १८३० च्या बिअरहाउस कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला बिअर विकायची मुभा दिली आणि खेड्यापाड्यांत घराच्या पुढच्या खोलीतच दुकाने निघाली. पहिल्या महायुद्धात दारूगोळा कारखान्यांतले कामगार पिऊन येतील या धास्तीने दुपारी पब बंद ठेवण्याचा नियम झाला. युद्ध संपले, नियम मात्र इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकला. कार्लाइल भागात तर सरकारनेच १९१६ पासून पब ताब्यात घेऊन चालवले, ते १९७३ पर्यंत.

ग्रामीण पबचे खरे वैशिष्ट्य तळघरात असते. तिथली पारंपरिक एल म्हणजे 'कास्क एल' किंवा 'रिअल एल'. सातूला मोड आणून, भाजून मॉल्ट तयार होते. त्याच्या गोड काढ्यात हॉप्स या वेलीची कडवट फुले उकळतात आणि यीस्ट घालून तो आंबवतात. जुनी इंग्लिश एल हॉप्सविना असे. हॉप्स पंधराव्या शतकात नेदरलंड्सच्या बाजूने आले आणि त्यांचा कडवटपणा इंग्रजांच्या जिभेवर कायमचा बसला. इथवर सगळ्या बिअरची कथा सारखीच. फरक पुढे पडतो. ही बिअर न गाळता आणि तापवून निर्जंतुक न करता जिवंत यीस्टसकट पिंपात भरतात आणि तिचे उरलेले आंबणे पबच्या तळघरात पूर्ण होते. म्हणून मद्यनिर्मात्याइतकेच पबवाल्याचेही कसब त्यात लागते. पिंप घोडीवर आडवे ठेवून हलू द्यायचे नाही. तोंडातल्या लाकडी खुंटीवाटे जास्तीचा वायू जाऊ द्यायचा. गाळ बसला की नळ ठोकायचा. गाळ लवकर बसावा म्हणून परंपरेने माशाच्या वाताशयापासून केलेला 'इझिंग्लास' घालतात. शाकाहारी मराठी पाहुण्याने हे आधीच माहीत करून घेतलेले बरे. इझिंग्लासविना केलेल्या एलही आता मिळतात आणि विचारले तर बारवर सांगतात.

इंग्रज कोमट बिअर पितात, ही समजूत चुकीची आहे. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस ठेवतात. फ्रीजच्या मानाने ती गार नसते, पण माठातल्या पाण्यासारखी सुखद असते, आणि मॉल्टचा व हॉप्सचा वास त्याच तापमानाला उमलतो. तळघरातून ती हातपंपाने वर खेचतात. जोसेफ ब्रामा याने १७९७ मध्ये अशा पंपाचे पेटंट घेतले होते. उत्तरेत पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची टोपी लावून दाट फेस आणतात. दक्षिणेत फेस कमी चालतो आणि यावरून दोन्हीकडचे लोक एकमेकांना आनंदाने नावे ठेवतात. काही जुन्या पबांत पंपही नाही. पिंपाच्या नळाखाली पेला धरतात.

नेहमीचे पिंप 'फर्किन', ९ गॅलनचे, म्हणजे ७२ पाइंटचे (एक पाइंट ५६८ मिलिलिटर). ते उघडले की आत हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांत बिअर उतरू लागते, मग आंबट होते. म्हणजे तीन दिवसांत ७२ पाइंट पिणारी माणसे हवीत. खेड्यातल्या पबचे सगळे अर्थशास्त्र या आकड्यात आहे. येणारे असतील तर बिअर ताजी, बिअर ताजी असेल तर येणारे. एक बाजू ढिली पडली की दुसरीही पडते. एका रांगेत आठ हातपंप दिसले म्हणून हरखून जाऊ नये. आडगावात दोनच एल ठेवणारा पब बहुधा शहाणा असतो.

मोठ्या कंपन्यांना हा नाजूकपणा परवडणारा नव्हता. १९६०च्या दशकात त्यांनी गाळलेली, निर्जंतुक केलेली आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने येणारी 'केग' बिअर सर्वत्र रेटली. त्याविरुद्ध १९७१ मध्ये चार तरुण इंग्रजांनी, आयर्लंडमधल्या केरी परगण्यात सुटीवर असताना, एक चळवळ सुरू केली. तीच आजची 'कॅम्रा', म्हणजे 'कॅम्पेन फॉर रिअल एल'. तिची 'गुड बिअर गाइड' १९७४ पासून निघते. ग्राहकांनी एका पेयाची पद्धत वाचवल्याची अशी उदाहरणे थोडीच.

स्थानिक एल म्हणजे कोणती, हे गावावर ठरते. यॉर्कशरमध्ये कीथलीच्या टिमोथी टेलरची 'लँडलॉर्ड', ससेक्समध्ये लुइसच्या हार्वीजची 'बेस्ट', सफकच्या किनाऱ्यावर साउथवोल्डची ॲडनम्स, केंटमध्ये फॅव्हरशॅमची शेफर्ड नीम. 'बिटर' हा नेहमीचा प्रकार, तांबूस आणि बेताचा कडवट. साधी बिटर चार टक्क्यांच्या आसपास असते, कारण ती घुटक्याघुटक्याने संध्याकाळभर प्यायची असते. 'माइल्ड' बहुधा गडद आणि सौम्य. 'इंडिया पेल एल'चा आपल्याशी थेट संबंध आहे. लंडनच्या बो भागातील हॉजसनचे मद्यनिर्मितीगृह ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होते आणि कप्तानांना उधारीवर माल देई. ती एल मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोहोचे. पुढे बर्टन-अपॉन-ट्रेंट गावाच्या जिप्समयुक्त पाण्यात केलेल्या एलने हा बाजार काबीज केला. भारतासाठीच तिचा शोध लागला, ही गोष्ट पबमध्ये छातीठोकपणे सांगितली जाते. प्रत्यक्षात जास्त हॉप्सची फिकट एल आधीपासून होती आणि पोर्टरसारखी गडद बिअरही तो प्रवास नीट करत असे. त्याच पबमध्ये एखाद्याचे डोके फिरले, या अर्थी 'डूलॅली' हा शब्द कानावर पडला तर ओळख द्यावी: तो नाशिकजवळच्या देवळालीचा. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या सैनिकांचा 'देवळाली ताप' इंग्रजीत असा स्थिरावला.

नवख्याची फजिती होते ती मागवताना. टेबलाशी बसून वाट पाहिली तर बहुधा कोणी येत नाही. बारपाशी जायचे, तिथेच सांगायचे, तिथेच पैसे द्यायचे आणि जेवणासाठी टेबलाचा क्रमांक सांगायचा. रांग दिसत नाही, पण आपल्या आधी कोण आले हे प्रत्येकाला ठाऊक असते. नोट फडकवणे किंवा हाक मारणे असभ्य. बरोबर चारजण असतील तर 'राउंड'ची पद्धत: प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी घ्यायचे. तिथे आपले टीटीएमएम चालत नाही, आणि आपली पाळी चुकवणारा लक्षात राहतो. बक्षिसी द्यावी लागत नाही. फारच खूश असाल तर 'तुमच्यासाठीही एक घ्या' म्हणावे. बंद होण्याआधी घंटा वाजते, ती शेवटच्या मागणीची.

जेवण हा तुलनेने अलीकडचा भाग. पूर्वी पाव, चीज, लोणच्यातले कांदे आणि फार तर कणकेच्या पारीत मांस भरून भाजलेली 'पाय' (pie) एवढेच मिळे. पाव-चीज-एल ही जोडी जुनी खरी, पण 'प्लाउमन्स लंच' म्हणजे नांगऱ्याचे दुपारचे जेवण या नावाने ती लोकप्रिय झाली १९५०-६०च्या दशकांत, चीज आणि दूध विकणाऱ्या मंडळांच्या प्रचारामुळे. तिच्यातले 'पिकल' आपल्या लोणच्यासारखे नसते. भाज्यांच्या फोडींची ती गोडसर आंबट गडद चटणी असते. रविवारी दुपारी रोस्ट: भाजलेले गोमांस किंवा कोकरू, बटाटे, फुगलेले यॉर्कशर पुडिंग (अंडी-मैद्याचे, गोड नसलेले) आणि सगळ्यावर ग्रेव्ही. आधी टेबल राखून ठेवावे. दुपारच्या जेवणानंतर स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी संध्याकाळपर्यंत बंद असते. चार वाजता भुकेने पोहोचलेल्याला बटाट्याच्या वेफर्सवर भागवावे लागते. १९९१ मध्ये लंडनच्या 'ईगल'ने पबमध्ये चांगल्या रेस्तराँच्या तोडीचे जेवण सुरू केले, 'गॅस्ट्रोपब' शब्द रूढ झाला आणि लाट खेड्यांत पोहोचली. काही गावांत पब त्यामुळेच वाचले. काही ठिकाणी मात्र सगळीकडे पांढऱ्या ताटल्या मांडल्या गेल्या आणि नुसता पाइंट घेऊन उभे राहायला कोपरा उरला नाही. बर्कशरमधील आल्डवर्थचे 'बेल इन' हे उलट टोक. एकाच कुटुंबाकडे अडीचशे वर्षांहून अधिक काळ असलेल्या या पबमध्ये बारऐवजी खिडकी आहे आणि खायला मुख्यतः भरलेले गरम पाव. कॅम्राने १९९० मध्ये आणि पुन्हा २०१९ साठी त्याला देशातला सर्वोत्तम पब ठरवले.

दर वर्षी अनेक पब बंद पडतात. शेतमजूर कमी झाले, घरे शहरी लोकांनी सुटीसाठी घेतली, पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचे कायदे कडक झाले, सुपरमार्केटातली बिअर स्वस्त पडते. शिवाय अनेक पब मद्यकंपनीला बांधलेले असतात आणि बिअर तिच्याकडूनच घ्यावी लागते. ज्यांच्यावर हे बंधन नाही ते 'फ्री हाउस'. २०११ च्या कायद्याने गावकऱ्यांना पब सामुदायिक मालमत्ता म्हणून नोंदवून घेता येतो आणि तो विकायला निघाल्यास बोली लावायला काही महिने मिळतात.

आडवळणी पबचे महत्त्व कधीकधी हवामान पटवून देते. यॉर्कशर डेल्समध्ये ५२८ मीटरवर, ब्रिटनमधील सर्वांत उंच मानले जाणारे 'टॅन हिल इन' आहे. नोव्हेंबर २०२१ मधील हिमवादळात तिथे ६१ माणसे तीन रात्री अडकली. त्यांत गाणी म्हणायला आलेला एक बँडही होता.

सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातल्या वाचकाला कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटची गोष्ट चटकन कळेल. तिथला 'ओल्ड क्राउन' २००३ मध्ये शंभराहून अधिक लोकांनी भाग घेऊन विकत घेतला. ब्रिटनमधील पहिला सहकारी पब म्हणून तो ओळखला जातो. १९८८ साली त्याच्याच मागच्या जुन्या कोठारात सुरू झालेले मद्यनिर्मितीगृह तर त्याआधीच, १९९९ मध्ये, अशाच एका सहकारी संस्थेने घेतले होते.